तालमीतलं आत्मभान शोधायचं कुठे?

पीएच.डी.साठी आराखडे लिहिण्याचा हंगाम आला की एक विषय हमखास दिसतो : 'पारंपरिक युद्धकलांच्या सरावाचा युवकांच्या मानसिकतेवर, आत्मभानावर व व्यक्तिमत्त्वविकासावर होणारा परिणाम : एक अभ्यास'. शब्द थोडे इकडेतिकडे होतात. कुणी मल्लखांब घेतं, कुणी कुस्ती, कुणी मर्दानी खेळ, कुणी कराटे. विषय वाईट नाही. चांगला आहे, आणि म्हणूनच तो वाया गेलेला बघवत नाही.

वाया कसा जातो? शंभर जणांना प्रश्नावली वाटायची. 'सरावामुळे माझा आत्मविश्वास वाढला' या विधानापुढे पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत असे रकाने. बहुतेक जण 'पूर्ण सहमत'वर खूण करतात. टक्केवारी काढायची, निष्कर्ष लिहायचा : आत्मविश्वास वाढतो. हे तर उन्हाळी शिबिराच्या पत्रकातही छापलेलं असतं. त्यासाठी चार वर्षं कशाला घालवायची?

म्हणून या लेखात या विषयावरच्या काही गाजलेल्या पुस्तकांची आणि अभ्यासांची चिकित्सा करू या. कुणाचं काय नीट जमलं, कोण कुठे घसरलं, आणि आपण त्यातून काय घ्यायचं.

आधी 'तालीम' हा शब्द

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसणाऱ्यांनी खालकर तालीम किंवा निंबाळकर तालीम ही नावं रिक्षावाल्याला पत्ता सांगताना नक्की वापरली असतील. आपल्यासाठी ती चौकांची नावं आहेत. पण शब्दाकडे जरा बघा. 'तालीम' मुळात अरबी, अर्थ शिक्षण. मराठीत तो दोन ठिकाणी रुजला. पैलवान घुमतात ती तालीम, आणि नट नाटक बसवतात तीही तालीम. याच पेठेत भरत नाट्य मंदिर आहे. तिथे 'आज तालीम आहे' म्हटलं तर कुणी लंगोट घेऊन येत नाही.

या दोन तालमींत समान काय? तीच गोष्ट पुन्हा करायची, आणि चुकलं की सांगणारं कुणीतरी समोर असायचं. एकट्याने आरशासमोर केलेल्या पाठांतराला आपण तालीम म्हणत नाही. तालमीला बघणारा लागतो.

माझा मुद्दा एवढाच आहे. तालमीतलं आत्मभान शोधायचं असेल तर ते दुरुस्तीत शोधा. चूक कुठे उघडी पडते, ती कोण दाखवतं, आणि किती दिवसांनी ती स्वतःची स्वतःला कळू लागते? या तीन गोष्टी बघता येतात, ऐकता येतात, नोंदवता येतात. 'मानसिकता' नुसती बघता येत नाही. आता हा निकष हातात घेऊन पुस्तकांकडे जाऊ.

हेरिगेल : सुंदर साक्ष, कच्चा पुरावा

या विषयावरच्या आराखड्यांत एका पुस्तकाचं नाव वारंवार येतं : ऑयगेन हेरिगेल यांचं 'झेन इन द आर्ट ऑफ आर्चरी'. मूळ जर्मन पुस्तक १९४८ चं, इंग्रजी भाषांतर १९५३ चं. हेरिगेल तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. १९२४ ते १९२९ या काळात ते जपानमध्ये सेंदाई इथल्या तोहोकू विद्यापीठात शिकवत होते आणि तिथे आवा केन्झो या गुरूंकडे धनुर्विद्या शिकले. पुस्तक छोटं आहे, वाचनीय आहे. त्याचं सार असं : बाण 'मी' सोडायचा नसतो, अहंकार विरघळला की 'ते' बाण सोडतं.

पुस्तकात एक प्रसंग आहे. रात्रीची वेळ, लक्ष्य अंधारात, समोर फक्त एक बारीक उदबत्ती. गुरू दोन बाण सोडतात. पहिला मध्यभागी लागतो, दुसरा पहिल्या बाणाचीच काडी चिरत जातो. वाचणारा थक्क होतो, आणि इथून पुढे चिकित्सा थांबते.

ती थांबू दिली नाही यामादा शोजी या जपानी अभ्यासकांनी. २००१ मध्ये इंग्रजीत आलेल्या लेखात त्यांनी साधे प्रश्न विचारले. हेरिगेल यांना जपानी किती येत होतं? फार थोडं, शिकवणी दुभाष्यामार्फत चाले. त्या रात्री दुभाषी हजर होता का? नव्हता. मग गुरूंचं ते गूढ बोलणं हेरिगेल यांना नेमकं कसं समजलं? आवा यांनी झेनची रीतसर साधना केली होती का? नाही. दुसऱ्या बाणाबद्दल आवा नंतर आपल्या एका शिष्याजवळ काय बोलले? तो निव्वळ योगायोग होता. आणि ते प्रसिद्ध वाक्य, ''ते' बाण सोडतं'? यामादा एक शक्यता मांडतात : गुरू कदाचित जपानीत 'हं, आत्ता जमलं' एवढंच म्हणाले असतील.

ही शक्यता खरी असेल तर काय झालं बघा. गुरूंनी एक दुरुस्ती केली, म्हणजे बरोबर झालेल्या नेमबाजीवर बोट ठेवलं. शिष्याने त्या वाक्याचं तत्त्वज्ञान केलं. आणि पुढे पन्नास वर्षं जगभर ते तत्त्वज्ञान 'पूर्वेची युद्धकला' म्हणून वाचलं गेलं.

आणखी एक गोष्ट आराखड्यांत सहसा येत नाही. जर्मनीत परतल्यावर, १९३७ मध्ये, हेरिगेल नाझी पक्षाचे सदस्य झाले. त्याने पुस्तकाची भाषा खोटी ठरत नाही. पण 'सरावाने अहंकार गळतो आणि माणूस घडतो' या विधानाचा पुरावा म्हणून हे पुस्तक वापरणाऱ्याला एका प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागेल : धनुष्यापुढे गळलेला अहंकार धनुष्य खाली ठेवल्यावर कुठे गेला होता? तालमीतला गुण तालमीबाहेर आपोआप येतो असं गृहीत धरता येत नाही. तो स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याला स्वतंत्र पुरावा लागतो.

संशोधनासाठी धडा : साधकाचं आत्मकथन ही सामग्री असते, निष्कर्ष नसतो. 'माझ्यात बदल झाला' असं कुणी सांगितलं तर त्याला तसं वाटतं एवढंच सिद्ध होतं. ते वाटणंही अभ्यासण्याजोगं आहे. फक्त त्याला परिणाम म्हणू नका.

मोजणारे अभ्यास : काय मोजलं आणि काय निसटलं

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ट्रुल्सन यांचा १९८६ चा अभ्यास माहीत असतो. बालगुन्हेगारीकडे झुकलेली ३४ मुलं, तीन गट, सहा महिने. एका गटाला पारंपरिक पद्धतीने तायक्वांदो : ध्यान, गुरू-शिष्य मर्यादा, विचारांवर बोलणं, ठरलेले आकृतिबंध. दुसऱ्याला नुसतं लढण्याचं तंत्र. तिसऱ्याला धावणं-खेळणं यांसारखा इतर व्यायाम. पहिल्या गटाची आक्रमकता कमी झाली, दुसऱ्याची वाढली.

या अभ्यासाचं महत्त्व खरं आहे. 'युद्धकला चांगली की वाईट' हा भाबडा प्रश्न त्याने मोडीत काढला. एकच कला दोन पद्धतींनी शिकवली तर परिणाम उलट होऊ शकतो हे दाखवलं. पण मर्यादाही बघा. ३४ मुलं तीन गटांत म्हणजे गटाला सरासरी अकरा-बारा. आणि पारंपरिक गटात एकदम चार-पाच गोष्टी वेगळ्या होत्या. ध्यानाने फरक पडला, शिक्षकाच्या बोलण्याने पडला, की आकृतिबंधांच्या संथ सरावाने? सांगता येत नाही. आपल्याकडे या अभ्यासाचा हवाला देऊन 'पारंपरिक तेच श्रेष्ठ' असं लिहिलं जातं. 'पारंपरिक' या एका शब्दात काय काय कोंबलं होतं ते मात्र कुणी उघडून बघत नाही.

त्यापेक्षा मला लेक्स आणि हॉइट यांचा २००४ चा अभ्यास जास्त उपयोगी वाटतो. अमेरिकेतल्या एका शाळेतली २०७ मुलं, बालवर्गापासून पाचवीपर्यंतची. काही वर्गांना तीन महिने युद्धकलेवर आधारलेला कार्यक्रम, बाकीच्यांना नेहमीचा शारीरिक शिक्षणाचा तास. युद्धकलेच्या गटात स्वनियंत्रण वाढलेलं आढळलं, आणि ते मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त. इथे आकड्यांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुलांना स्वतःला विचारायला शिकवलेले तीन प्रश्न : मी आत्ता कुठे आहे? मी काय करतोय? मी काय करायला हवं?

म्हणजे लेखकांनी 'आत्मभान' हा शब्द हवेत सोडला नाही. आत्मभान म्हणजे हे तीन प्रश्न स्वतःला विचारता येणं, असं ठरवलं आणि तेच शिकवलं. दुरुस्ती बाहेरून आत नेण्याची ही उघड युक्ती आहे. संशोधनात 'संकल्पनेची कार्यात्मक व्याख्या करा' असं सांगतात ते हेच.

मुलींच्या बाबतीत परिणाम कमी का दिसला? शिकवण्यात फरक होता, की मुलींचं स्वनियंत्रण आधीपासूनच बरं होतं? असा न सुटलेला दुवा दिसला की तिथे आपला प्रश्न बसतो.

आपले ग्रंथ : मनाबद्दल गप्प, पण...

आता घरी येऊ. १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ याच सदाशिव पेठेत आहे. महाराष्ट्रीय मंडळ १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी स्थापन केलं, ते टिळक रस्त्यावर. एका बाजूला दप्तरं, दुसऱ्या बाजूला मैदान. तरीही आपले आराखडे जपानी धनुर्विद्येपासून का सुरू होतात? कारण तिथे 'मन', 'अहंकार', 'शून्यता' असे शब्द आयते मिळतात. आपल्या जुन्या ग्रंथांत ते तसे मिळत नाहीत.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे. त्यात मल्लांच्या सरावाचे प्रकार येतात : भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, बाहुपेल्लणकश्रम, स्तंभश्रम. वजन उचलणं, चालणं, पाण्यात पोहणं, बाहूंचा जोर लावणं, खांबावर मेहनत करणं. यातल्या स्तंभश्रमात मल्लखांबाचं मूळ पाहिलं जातं. यादीत मनासाठी सहावा श्रम नाही.

विसाव्या शतकात बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली 'व्यायामज्ञानकोश' निघाला. १९३६ ते १९४९ या काळात दहा खंड. काम अफाट आहे. मराठीत देशी व्यायामावर काही करायचं असेल तर ते टाळून पुढे जाता येत नाही. पण या कोशाकडे टीकेच्या नजरेनेही बघायला हवं. कोश कृती सांगतो, आणि चित्र पूर्ण झालेली स्थिती दाखवतं. खांबाला पकड घट्ट बसली आहे, हात सुटे आहेत, चेहरा शांत आहे. त्या स्थितीपर्यंत पोचताना माणूस किती वेळा घसरला, उस्तादाने नेमकं काय सांगितलं, काय सांगितल्यावर जमलं, हे चित्रात येत नाही. नाटकाचं छापील पुस्तक हाती आलं म्हणून तालमी हाती लागत नाहीत, तसंच.

मग आपल्या परंपरेत मनाचा विचार नव्हता का? होता. तो तंत्राच्या शब्दांत मुरलेला होता. नजर, दम, धीर, पवित्रा, खडाखडी हे शब्द घ्या. शरीराचे आहेत की मनाचे? 'दम' म्हणजे श्वासही आणि चिकाटीही. आपण 'दम धर' म्हणतो तेव्हा दोन्ही एकदम म्हणतो. 'पवित्रा' म्हणजे पाय टाकण्याची रीत. वर्तमानपत्रात तोच शब्द माणसाच्या भूमिकेसाठी येतो. 'खडाखडी' म्हणजे कुस्ती सुरू होताना हाताला हात भिडवून समोरच्याचा अंदाज घेणं. प्रश्नावलीत 'माइंडसेट' लिहिला की उस्तादालाही पत्रकातलंच वाक्य आठवतं. 'पोराचा दम कधी तुटतो?' असं विचारा, तो अर्धा तास बोलेल.

आणि ज्या ठिकाणी 'चारित्र्य', 'राष्ट्र', 'शिस्त' असे मोठे शब्द येतात तिथे काळ बघा. १८१८ मध्ये पेशवाई गेली, दरबारी आश्रय गेला. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हत्यार बाळगणं परवान्याखाली आलं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं. व्यायामाने राष्ट्र घडतं ही भाषा या काळात जोर धरते, आणि पारतंत्र्यात तिला कारण होतं. पण ती भाषा उचलून 'प्राचीन काळापासून युद्धकलांचा उद्देश व्यक्तिमत्त्वविकास हा होता' असं लिहिणं म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा विचार आठशे वर्षं मागे ढकलणं. फौजेतल्या माणसाला पट्टा चालवायला शिकवत तो मुख्यतः जिवंत परत यावा म्हणून.

दंतकथाही अशीच वाचावी. मल्लखांबाचा उगम सांगताना बाळंभटदादा देवधर यांची कथा येते. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल आव्हान घेऊन आले. तरुण देवधरांनी ते स्वीकारलं, तयारीला मुदत मागितली, वणीच्या सप्तशृंगीला गेले, तिथे मारुतीरायाने दृष्टान्त देऊन लाकडी खांबावरची विद्या दाखवली. ही कथा खरी की खोटी यावर आराखड्यातली दोन पानं घालवू नका. कथा काय महत्त्वाचं मानते ते बघा. देवाने बळ दिलं नाही, वर दिला नाही, पकडी दाखवल्या. आणि त्याआधी माणसाने आपली तयारी पुरी नाही हे ओळखून वेळ मागितला. आत्मभान म्हणतात ते कथेत इथे आहे, कुणी तो शब्द वापरलेला नसला तरी.

उतरून शिकणारे : वाकां आणि आल्टर

लोईक वाकां हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ. १९८८ मध्ये शिकागोच्या दक्षिण भागातल्या एका बॉक्सिंग जिममध्ये त्यांनी नाव घातलं आणि तीनेक वर्षं तिथे घाम गाळला. त्यातून 'बॉडी अँड सोल' हे पुस्तक झालं. फ्रेंच २०००, इंग्रजी २००४. प्रशिक्षक काय ओरडतो, कधी गप्प राहतो, एक ठोसा शंभरदा मारून घेताना कशाकडे बघतो, हे त्यात बारकाईने आहे. आपल्या निकषावर हे पुस्तक सगळ्यात वर येतं. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. वाकां यांना कधीही हातमोजे काढून विद्यापीठात परत जाता येत होतं. शेजारी सराव करणाऱ्या पोरांना तशी सोय नव्हती. शिकणारा कोण आहे यावर शिकण्याचा अर्थ बदलतो.

जोसेफ आल्टर यांचं 'द रेसलर्स बॉडी' (१९९२) बनारसच्या आखाड्यांवर आहे. कुस्ती ही जगण्याची रीत कशी होते, त्यात खुराक, ब्रह्मचर्य, मारुती, गुरू आणि राष्ट्र कसे गुंफले जातात, हे ते दाखवतात. मराठी विद्यार्थ्याने वाचलंच पाहिजे. मात्र त्यात पैलवानाचं आदर्श चित्र ठळक आहे; आदर्श आणि रोजचा दिवस यांतलं अंतर आपल्याला स्वतः जाऊन बघावं लागेल. आणि बनारस म्हणजे पुणे नव्हे. कोल्हापुरात १९१२ मध्ये शाहू महाराजांनी खासबागचं मैदान उभं केलं, तिथे कुस्तीला जो राजाश्रय आणि प्रेक्षक मिळाला त्याची गोष्ट वेगळी आहे. आल्टर यांची चौकट घ्या, निष्कर्ष उसने घेऊ नका.

प्रत्येक हत्याराची चूक वेगळी

आता आपला निकष प्रत्यक्ष लावून बघू. 'युद्धकला' हा एकच चलघटक धरून चालणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

दांडपट्टा घ्या. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं. पातं लांब, लवचीक, दोन्ही बाजूंनी धारदार. मूठ हाताचा पुढचा भाग झाकणाऱ्या लोखंडी आवरणात असते. त्यामुळे मनगट तलवारीसारखं वळत नाही. फिरवायचं ते कोपर, खांदा आणि पाय यांच्या जोरावर. पाऊल चुकलं तर लवचीक पातं परत येतं ते स्वतःच्याच अंगावर. चूक दाखवायला उस्ताद लागतो, पण हत्यारही दाखवतं, आणि ताबडतोब. इथे भान म्हणजे आपल्या पावलांचं आणि मागे फिरणाऱ्या पात्याचं भान.

प्रात्यक्षिकात हातावर ठेवलेलं लिंबू पट्ट्याने कापतात. टाळ्या कापणाऱ्याला मिळतात. पण हात न हलवता थांबलेला माणूस कोणतं भान शिकला? त्याने स्वतः काहीच करायचं नसतं. दोघांना एकच प्रश्नावली दिली तर दोघांचा 'आत्मविश्वास' एकाच रकान्यात जाईल आणि फरक कायमचा हरवेल.

मल्लखांबावर समोर कुणी शत्रू नसतो. लाकडी खांब, त्याला एरंडेल चोळलेलं. पकड सैल झाली की माणूस खाली सरकतो. वाद घालायला जागा नाही. साधी अढी बसली नाही तर पुढचं काही जमत नाही, म्हणून घाई इथे आपोआप उघडी पडते. मात्र उलटं असताना आपले गुडघे वाकलेत की सरळ आहेत हे स्वतःला दिसत नाही. ते खाली उभ्या असलेल्यानेच सांगावं लागतं. चुकीचा एक भाग खांब दाखवतो, दुसरा माणूस दाखवतो.

कुस्तीत चूक दाखवतो तो समोरचा. तुमचं वजन पुढे गेलं हे तुमच्याआधी त्याला कळतं आणि तो पट काढतो. इथे स्वतःचं भान दुसऱ्याच्या हातांतून मिळतं. म्हणून पैलवानाला जोड चांगली लागते. कमकुवत जोडीबरोबर चूक लपते.

तीन प्रकार, चूक उघडी पडण्याच्या तीन रीती. तिन्हींना 'युद्धकलेचा सराव : होय/नाही' अशा एका चौकटीत बसवलं तर अभ्यास सुरू होण्याआधीच संपतो.

कोण दिसत नाही?

तालमीत गेल्यावर तुम्हाला भेटतात ते टिकलेले लोक. पाच-दहा वर्षं सराव करणारे धीराचे आहेत हे खरं. पण सरावाने ते धीराचे झाले, की धीर होता म्हणून टिकले? सोडून गेलेल्यांशी बोलल्याशिवाय हे कळत नाही. त्यांची नावं मिळवायला कष्ट पडतात, म्हणून बहुतेक आराखड्यांत ते नसतात. माझं मत स्पष्ट आहे : सोडून गेलेल्यांपर्यंत पोचायचं नसेल तर 'परिणाम' हा शब्द शीर्षकातून काढून टाका.

मुलींचंही तसंच. कुणाला कोणत्या वयात, कोणत्या प्रकारात प्रवेश मिळाला, कुणाला कपड्यांवरून किंवा वेळेवरून घरून अडवलं गेलं, हे विचारल्याशिवाय 'युवक' हा शब्द अपुरा राहतो.

आणि एक नाजूक गोष्ट. तालमीत आज्ञापालन असतं, असावं लागतं. पट्टा फिरत असताना चर्चा करता येत नाही. पण आज्ञापालन आणि आत्मभान प्रश्नावलीत सारखेच दिसतात. दुखापत झालेलं पोर 'सर, दुखतंय' असं वेळेवर सांगू शकतं का? की दुखणं लपवण्यालाच धीर म्हटलं जातं? जे पोर आपल्या खांद्याची कळ ओळखतं आणि थांबतं, त्याचं आत्मभान जास्त म्हणायचं की कमी? आपण लिहिलेल्या प्रबंधाच्या जोरावर उद्या शाळांत कार्यक्रम आखले जातील. तिथे लपवलेल्या दुखापतीला 'मानसिक कणखरता' असा गुण मिळाला तर त्याची जबाबदारी संशोधकाचीही असेल.

मग आराखडा कसा लिहायचा?

विषय सोडू नका, लहान करा. उदाहरणार्थ : 'दांडपट्टा शिकणाऱ्या नवशिक्यांना पहिल्या सहा महिन्यांत मिळणाऱ्या दुरुस्त्या आणि स्वतःची चूक ओळखण्याची क्षमता : पुण्यातील दोन प्रशिक्षणवर्गांचा अभ्यास'. शीर्षक ऐकायला भारदस्त नाही. पण यात काय करायचं हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट आहे.

वर्गात बसा आणि प्रत्येक दुरुस्ती लिहून काढा. कोणी केली, कशी केली : शब्दांनी, हात लावून, करून दाखवून की नुसत्या नजरेने? शिकणाऱ्याने किती वेळात बदल केला? महिन्यातून एकदा सराव झाल्यावर लगेच विचारा, 'आत्ता काय चुकलं?' तेच उस्तादालाही वेगळं विचारा. दोघांची उत्तरं सुरुवातीला जुळणार नाहीत. सहा महिन्यांनी ती जास्त जुळू लागली तर आत्मभान वाढल्याचा हातात धरता येईल असा पुरावा तुमच्याकडे आहे. जुळली नाहीत तर तोही निष्कर्षच, आणि बहुधा जास्त मोलाचा. वर्ग सोडून गेलेल्यांना गाठून हेच विचारा. तालमीबाहेरच्या आयुष्याबद्दल काही म्हणायचं असेल तर तो भाग वेगळा ठेवा आणि घरच्यांशी, शिक्षकांशी बोला.

गाईड विचारतील, 'यात व्यक्तिमत्त्वविकास कुठे आहे?' त्यांना सांगा, की आपली चूक दुसऱ्याने सांगण्याआधी आपल्याला कळणं हा व्यक्तिमत्त्वाचा छोटा पण खरा भाग आहे, आणि एवढाच भाग या अभ्यासात तपासता येतो. बाकीचं तपासायला आणखी कुणी येईल, तेव्हा तुमच्या नोंदवह्या त्याच्या उपयोगी पडतील.